त्या वाळूने ऊन पाहिले नव्हते

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त भूशास्त्रज्ञ, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा त्यांची चौकशी करत नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र, ज्यात सर्व काही पतींच्या नावे होते, मी रद्द करते.

१. माझे राहते घर व बँकेतील शिल्लक धाकट्या बहिणीच्या मुलीला द्यावी. पतींना हयातभर मागच्या खोलीत राहू द्यावे. त्यांना बाहेर काढावे असे मनात आले नाही असे नाही. पण म्हातारपणी माणसाला छप्पर लागते.

२. कारण लिहून ठेवते. वाळूचा कण उन्हातून गेला की त्याचे घड्याळ शून्यावर येते. गाडला गेला की पुन्हा चालू होते, आणि त्यावरून वाळू शेवटची कधी हलली ते कळते. म्हणून नमुना काळ्या कापडाखाली, नळी ठोकून काढायचा. शहरालगतच्या वाळूच्या टेकड्यांचे नमुने आम्ही दोघांनी काढले. कापड पतींनी धरले होते. मोजणीत दिसले : पाऊसमान घटले, गवत वाळले, की दर वेळी वाऱ्याने त्या टेकड्या शहराकडे सरकवल्या होत्या; अगदी खापरपणजोबांच्या काळातही. तिथे घरे बांधू नका, असे मी नव्या वसाहतीच्या मंजुरीच्या सुनावणीत सांगितले.

मग पतींनी साक्ष दिली. आमच्या संस्थेचे संचालकपद तेव्हा त्यांच्या अगदी हाताशी आले होते. म्हणाले, "नमुन्यांना ऊन लागलं होतं. मी तिथे होतो."

घरी आल्यावर मी विचारले, "ऊन कधी लागलं?"

ते बूट काढत होते. "अगं, त्या टेकड्या आपल्या डोळ्यांदेखत कधी हलल्यात का? कशाला धरून बसतेस?"

"मी टेकड्यांचं विचारलं नाही."

"चहा टाकतेस का?"

मी टाकला. ते मला अजून सलते.

ते संचालक झाले. वसाहत झाली. पुढे ओळीने कोरडी वर्षे आली, आणि आता कडेच्या घरांतली माणसे सकाळी आधी दारातली वाळू उपसतात. टीव्हीवर ती बातमी लागली की पती आवाज कमी करतात.

३. त्याच नमुन्यांच्या उरलेल्या, न उघडलेल्या नळ्या माझ्या शेवटच्या विद्यार्थिनीला द्याव्यात. मीच मोजून घेतल्या असत्या तर बाईने सूड उगवला असे लोक म्हणाले असते. तिने त्या परक्या प्रयोगशाळेत मोजून घ्याव्यात. ऊन लागलेले निघाले तर तेही जाहीर करावे. नसेल, तर आधी वसाहतीतल्या लोकांना सांगावे, मग पतींना. समोर बसून, तोंडी.

४. माझ्या शोकसभेत पतींनी बोलू नये. त्यांना छान बोलता येते.

हे लिहून सही करणार तोच पती दाराशी आले. "साक्षीदार म्हणून मी सही करू का?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "नको." ते दार ओढून घेत निघून गेले.

सही : (लिहून देणार)
साक्षीदार : १. शेजारीण, निवृत्त मुख्याध्यापिका (सही)
२. आमचे नेहमीचे डॉक्टर (सही)
ठिकाण : राहत्या घराची बैठकीची खोली
दिनांक : ९ मार्च