गोलचा थांबा

जयपूर, ४ फेब्रुवारी १९८६

तीर्थरूप बापूंना जयंतीचा वाकून नमस्कार.

आम्ही मजेत आहोत. तुम्ही आता काठी धरून उभे राहता का?

तुम्ही पलटणीकडून खेळलात ते स्टेडियम राहिलं नाही, हे मागच्या पत्रात लिहवलं नाही. क्लब बंद पडला, मग तिथे प्लॉट पडले. पण बसचा कंडक्टर अजून "गोल, गोल!" ओरडतो. मी उतरून गोल चौक शोधत बसले. पानवाले बाबा हसले, "बहनजी, चौक नहीं, फुटबॉल का गोल! वहाँ जाली थी."

तिथे एक बाई कपडे वाळत घालत होती. तिला म्हटलं, "मेरे पिताजीने यहाँ गोल मारा था."

"तो उन्हें लाइए ना! कब आएँगे?"

बापू, तिला काय सांगू?

तुमची,
जयंती