सात नंबरची साखर

३ फेब्रुवारी
वैदेहीबरोबर अक्कलकोट रस्त्याला, नागव्वाच्या शेळ्यांच्या वाडग्यावर. बारा करडं, सगळी तीन महिन्यांची. वयाबरोबर रक्त कसं बदलतं, या संशोधनासाठी वै. दर महिन्याला मानेतून रक्त काढणार, मी वहीत लिहिणार. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाला पशुवैद्य मुलीने दिलेलं काम. अक्षर बरं आहे म्हणून.
आजपासून करडांना आईचं दूध बंद. वै.ने तीनदा बजावलं. नागव्वा : "व्हय की."

६ फेब्रु.
जेवताना वै.ला विचारलं, रक्तात वय कुठे दिसतं? म्हणाली, दूध पित्या करडाच्या रक्तात साखर जास्त. पाला रवंथ करू लागलं की उतरते. प्रथिनं चढत जातात. हाडं वाढत असतात तोवर एक विकर, म्हणजे एन्झाइम, चढं असतं, मग तेही खाली येतं.
माझी साखर उलट चालली आहे. रिपोर्ट ड्रॉवरमध्ये. वै.ला दाखवलेला नाही.

७ मार्च
चौथ्या महिन्याचे आकडे आले. अकरांची साखर उतरली. सात नंबरची तिथेच.
"बाबा, नीट लिहिलंत ना?"
"लिहिलं."
"चष्मा कधी बदललात?"

९ मार्च
नमुना पुन्हा तपासला. आकडा तोच. मला बरं वाटलं. वाटायला नको होतं.
तिचे गाइड म्हणतात, सात वगळा. पण अभ्यासाला बारा हवीत. एक गेलं तर शेळ्या पुन्हा विईपर्यंत थांबायचं, सगळं पहिल्यापासून. वै. जेवली नाही.

१३ मार्च
दुपारी न कळवता दोघं गेलो. सात नंबर काळ्या शेळीखाली, गुडघे टेकून, शेपटी हलवत. काळीचं स्वतःचं करडू, आमच्या बारांतलं नव्हे, फेब्रुवारीत मेलं.
"नागव्वा, दूध तोडायचं ठरलं होतं."
"तोडलं की, मास्तर. तुमीच म्हनला, आईचं तोडा. ही कुटं तिची आई हाय?"
वै. तोंड फिरवून हसली. मग म्हणाली, हेही आजपासून बंद.
"बरं बाई. पर काळी लई वरडती. तिनं काय करायचं?"
वै.ने सात नंबरला काळीखालून ओढून काढलं.

१४ मार्च
गाइडचा निरोप. महिनाभर नुसत्या पाल्यावर साखर उतरली तर सात राहील, दूध उशिरा तुटल्याची नोंद करून. नाही तर बाद.
मी विचारलं, काळीने पाजत ठेवलं तर ते रक्त किती दिवस लहान राहील?
"तो माझा विषय नाही, बाबा."
माझाही नाही. तरी डोक्यातून जात नाही.

१२ एप्रिल
सकाळी लवकर वाडग्यावर. ऊन आत्ताच लागतं. काळी गप्प उभी. कास सैल, आटलेली की नुकती प्यालेली, कळत नाही.
"पाजलं नाही ना?" वै.ने विचारलं.
"न्हाय की," नागव्वा म्हणाली आणि पाल्याची पेंढी सोडू लागली.
मी सात नंबर धरलं. हनुवटी ओली. पाण्याची बादली शेजारीच होती. वै.नेही हनुवटी पाहिली. मग मान चाचपून सुई घातली. रक्त नळीत चढलं, बाकीच्यांसारखंच काळपट लाल.
वहीत नंबर, वजन लिहिलं. पुढचा रकाना आहाराचा : दूध की पाला.
"लिहिलं, बाबा?"
"नाही अजून."
तिने मान वर केली नाही. म्हणाली, आठ नंबर आणा.