एक जानेवारीची मुलं

३ जुलै १९९५

ऑफिसात कॉम्प्युटर आला! नारळ फुटला, हार घातला, पेढे वाटले. खोलीबाहेर चपला काढायच्या म्हणे. आत गारेगार एसी. माझ्या अंगणवाडीवर धड पत्रा नाही, आणि ह्या खोक्याला उकडतं!

साहेबांचं भाषण – "दोन हजार सालापर्यंत देशात एक मूल उपाशी राहणार नाही. मशीन शोधून काढेल." घ्या! सोळा वर्षं मी बदलापूरहून ठाकरवाडीत जाऊन पोरं काट्याला टांगते, ती काय गंमत म्हणून?

१० जुलै

ऑपरेटर हिरामणने फॉर्म परत केले. "मॅडम, जन्मतारीख कंपल्सरी. ब्लँक चालत नाय." वाडीत जन्मतारीख! कोणी लावणीतलं, कोणी दिवाळीतलं. "एक जानेवारी टाका ना, सगळेच टाकतात."

टाकली. खालच्या आळीतली चौदाच्या चौदा पोरं – एक जानेवारी चौऱ्याण्णव. एका दमात, रागाच्या भरात. घे, गिळ मेल्या!

२ सप्टेंबर

यादी आली. अशक्त पोरांना मिळणाऱ्या जास्तीच्या सुकडीतून, त्या पौष्टिक पिठातून, खालच्या आळीतल्या आवडीच्या पोरीचं, जिवलीचं नाव उडालं! आठ किलो आठशे – "वयाच्या मानाने वजन ठीक." ठीक? पोरीच्या बरगड्या मोजून घ्याव्यात! सुकडी मोजूनच येते, यादीबाहेर चिमूटभर नाही. अंगणवाडीने दिलेला डबा रिकामाच घेऊन आवडी आली तशी परत गेली.

५ सप्टेंबर

साहेबांशी भांडले. "बाई, कॉम्प्युटर चुकत नसतो." देवच की मग! नैवेद्य दाखवा, तेवढंच राहिलंय.

९ सप्टेंबर

जिवलीला हगवण लागलीय म्हणे.

११ सप्टेंबर

जुनी वही काढली, साहेबांच्या तोंडावर मारायला. माझंच अक्षर – "जिवली. जन्म होळीच्या रात्री. १९९२." यंदाच्या होळीनंतर आवडीने शेजारी बसून सांगितलं होतं – "तीन होल्या सरल्या, बाय, हिला."

साडेतीन वर्षांची पोर. मी पावणेदोनची करून ठेवली! खोक्याने मी दिलं त्याचाच हिशेब केला. माझी मलाच शिसारी आली.

घरातले तांदूळ, गूळ बांधून ठेवलेत. उद्या उजाडताच वाडीवर.

१२ सप्टेंबर

मी निघायच्या आधीच आवडी दारात. कडेवर पोर नाही. अंगणवाडीचा डबा पुढे केला – "आता नाय लागाचा, बाय."

रिकामं भांडं परत करू नये, म्हणून आत मूठभर नाचणी घातली होती.