हिच्या बोटावरची गाठ

१२ जुलै, शनि.
हिची गाठ परत भरली. उजव्या पायाच्या जोडव्याच्या बोटावर, नखाच्या मुळाशी, वाटाण्याएवढी. चकाकते. बुधवारी मी बाभळीच्या काट्यानं फोडली होती. पू नाही, रक्त नाही, डिंकासारखं चिकट पाणी आलं. वाटलं, मिटलं. आज तेवढीच. नखालाही खाच पडलीय. गाठ म्हटलं की मला कॅन्सरच दिसतो. तिला बोललो नाही. पुन्हा टोचली. "म्या काय म्हस हाय व्हय, टोचून बगायला?" म्हणाली, आणि तशीच भातलावणीच्या चिखलात उतरली.

१४ जुलै, सोम.
उत्रोलीहून एसटीनं भोरला, दवाखान्यात. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आजोबा, कॅन्सर नाही. बोटाचा सांधा झिजला की आतलं वंगण बाहेर येतं, त्याची ही गाठ. दुखत नसेल तर राहू द्या. टोचायची मात्र नाही. ती वाट थेट सांध्यात जाते. कुणी टोचली का?"
हीच पटकन म्हणाली, "न्हाई बा. चप्पल घासली."
येताना खुशीत होती. मला जेवण गेलं नाही. वाटलं, आता परत जाऊन कशाला सांगू... सांगायला हवं होतं.

१७ जुलै, गुरु.
बोट लाल, गरम. अंगात ताप. सूज जोडव्यावर चढलीय. साबण लावून ओढलं तर किंचाळली. देवा, साधी गाठ होती.

१८ जुलै, शुक्र.
पुन्हा भोरला. डॉक्टरबाई चिडल्या. सांध्यात पू झालाय, आजच पुण्याला न्या. त्याआधी जोडवं कापायचं, बोटाचं रक्त अडतंय. कटर बघताच हिनं पाय ओढून घेतला.
"धनी जित्ता असताना जोडवी कापू? गाठ फोडलीत, आता कपाळ बी फोडा माजं!"
वेल्ह्याहून लेक आली. "आये, डाव्या पायातलं हाय की. बरी झालीस की नवं घालू." ऐकेना. बोट निळं पडत चाललेलं.
शेवटी मीच कटर मागून घेतला. म्हणालो, "माज्यासाठीच घालतीस न्हवं? मग मला कापू दे." तिनं माझ्याकडं पाहिलं. मग पाय पुढं केला.
"माज्या आदी गेलात तर बगा."
कापलं.

१९ जुलै, शनि. पुणे
सकाळी ऑपरेशनला आत नेली. बोट राहील का विचारलं. बघू म्हणतात. पू कुठवर गेलाय ते उघडल्यावर कळेल.
एक डॉक्टर कागद घेऊन आला. कशानं झालं?
लेक म्हणाली, "चप्पल घासली."
मी म्हणालो, "न्हाई. काटा. म्या टोचला. दोनदा."
त्यानं लिहून घेतलं आणि आत गेला. अजून कुणी बाहेर आलेलं नाही. लेक पलीकडच्या बाकावर जाऊन बसलीय.