मनगटावरचे दोन दोरे

सत्ताहीप नौदल तळ, ४ डिसेंबर

प्रिय बुनलुआ,

उद्या-परवा तुला नौदलाचं पत्र येईल. जाड कागद, वर गरुडाची मुद्रा, खाली अ‍ॅडमिरलसाहेबांची सही. मजकूर मात्र माझा. इथली सगळी सांत्वनपत्रं मीच लिहितो. मठात तू डुलक्या काढायचास आणि मी पाली-संस्कृतचे धातू घोकायचो, त्याचं हे फळ: तुला म्हशी मिळाल्या, मला नौदलाच्या धर्मशिक्षकाची खुर्ची. ते पत्र फोडण्याआधी हे वाच.

जहाज बुडाल्यापासून चार दिवस तू फोनवर एकच विचारत होतास, “महा, पोरगा सापडला का रे?” काल सकाळी सापडला. म्हणूनच काल मी तुझा फोन उचलला नाही.

एप्रिलात कीरतीने सक्तीच्या सैन्यभरतीच्या मडक्यात हात घालून नौदलाची लाल चिठ्ठी काढली, तेव्हा तू म्हणालास, “नौदल! याने समुद्र कॅलेंडरवरच बघितलाय.” मग आवाज खाली आणून म्हणालास, “तेवढं दक्षिणेच्या सीमेवर जाऊ देऊ नकोस. तिथे रस्त्यात बॉम्ब फुटतात.” पुढे मी तुला कळवलं, की नशिबाने त्याला जहाज मिळालं. नशीब कसलं? दक्षिणेच्या यादीत त्याचं नाव लागलं होतं. मी दारूला न शिवण्याचं पाचवं शील व्हिस्कीच्या बाटलीत भरून एका कारकुनाच्या टेबलावर ठेवलं आणि नाव हलवलं. जहाज जुनं, पुढचा दरवाजा उघडून रणगाडे किनाऱ्यावर उतरवायचं. सपाट बुडाचं, बंदरातसुद्धा डुलणारं. आता ते बेटांवरच्या चौक्यांना तांदूळ आणि पाणी पोचवत असे. मी म्हटलं, तांदळावर कोण गोळ्या झाडणार?

जहाज बुडण्याआधीच्या रविवारी तो माझ्याकडे आला. पुढ्यातल्या भाताला हात लावला नाही. म्हणाला, “महाकाका, मला जहाजावरून उतरवा. दक्षिणेला धाडलंत तरी चालेल. लाट आपटली की पुढचा दरवाजा रडतो हो.” मी काय केलं? थट्टा. “बेडक्या, पाण्याला भिणारा बेडूक पहिल्यांदाच बघतोय!” हे टोपणनाव तूच ठेवलेलं. मोठ्या माणसाचा विनोद म्हणून तो हसला. मग मी मंत्र म्हणून त्याच्या मनगटावर पांढरा दोरा बांधला. तो घरून निघताना तू बांधलेल्या दोऱ्याशेजारीच. म्हटलं, “आता जा.” हात जोडून तो गेला.

काल चेहऱ्यावरून ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं. मनगटावर दोन दोरे होते. एकाची गाठ वासरू बांधतात तशी, तुझी. दुसरी नीटनेटकी. अधिकाऱ्याने विचारलं, “ओळख पटली?” मी म्हटलं, “गाठ माझी आहे.”

त्या सरकारी पत्रात एक वाक्य आहे: ‘कीरतीने सागराची सेवा स्वेच्छेने स्वीकारली.’ प्रत्येक पत्रात मी ते घालतो. कानाला गोड लागतं. या वेळीही हात आपोआप लिहून गेला, आणि त्याखाली सहीसुद्धा झाली. बुनलुआ, ते वाक्य खोटं आहे. तो उतरायला आला होता. मी त्याला परत चढवलं. हे तुला त्या कागदाआधी कळावं, एवढ्यासाठी लिहितोय. शनिवारी त्याला घेऊन येतो. अंत्यविधीचे मंत्र म्हणायला दुसऱ्या कुणाला बोलाव. मी विहाराच्या फाटकाबाहेर थांबेन. आत घ्यायचं की नाही, ते तू ठरव. दोरे मी कापू दिलेले नाहीत.

म्हणू दिलंस तर अजूनही तुझाच,
महा