पूर्ण बाह्यांचा कॉस्च्यूम

३ मार्च, सकाळी
आजपासून रोज लिहायचं. यशस्वी उद्योजक लिहितात म्हणे.
धंदा: उन्हापासून वाचवणारा पोहण्याचा कॉस्च्यूम. मनगटापर्यंत बाह्या, घोट्यापर्यंत पाय, गळा बंद. तलावावर बायकांची बॅच ऐन दुपारी असते. उन्हानं बायकोच्या, प्रमोदिनीच्या, अंगावर पुरळ यायचं, म्हणून तिनं कापड आणून स्वतः शिवला. बॅचमधल्या बायकांनाही शिवून दिले. मागच्या श्रावणात ती गेली. कल्पना आम्हा दोघांची. चेन मी आणून दिली होती.
वहिनी म्हणाल्या, भावजी, वर्ष व्हायच्या आत नवं काही करू नये. म्हणालो, नवं कुठंय, तिचंच तर आहे.

६ मार्च
विशाखाचा फोन. प्रमोदिनीची तलावावरची मैत्रीण. म्हणाली, दाजी, ताईंचा कॉस्च्यूम मी पुढं नेतेय. बावीसला इन्व्हेस्टर लोकांपुढं पिच आहे, बघायला या ना. म्हणालो, माझंही पिच आहे. ती म्हणाली, व्हय? मंग सोबतच जाऊ की! सोबत! ट्रिप आहे का?
फोन ठेवून लगेच नाव नोंदवलं.
हेवा वगैरे काही नाही. फक्त नोंद: दहाव्याला ती माझ्यापेक्षा जास्त रडली. लोक तिलाच पाणी देत होते. नवरा कोण, हे कुणीतरी बघायला हवं होतं.

११ मार्च
स्लाइड तयार. बाजारपेठ: ज्यांना कातडी आहे ते सगळे. स्पर्धक: कुणी नाही.
विशाखाचा स्टेटस पाहिला. ती आणि प्रमोदिनी पाण्यात. प्रमोदिनी एवढं तोंड उघडून हसते, हे मला माहीत नव्हतं. अँगल असेल.
पुन्हा पाहिला. अँगलच.

१७ मार्च
प्रत्यक्ष अनुभव हवा म्हणून पुरुषांच्या बॅचला गेलो. पायरीवर बसलो. पाणी गुडघ्यापर्यंत. लाइफगार्ड म्हणाला, चचा, उतरते तो उतरो, नै तो बाजू हटो. उद्या उतरतो.

२१ मार्च
उतरणं राहिलं. आधी सॅम्पल महत्त्वाचं.
प्रमोदिनीचा स्वतःचा कॉस्च्यूम न्यायचा. घरात तेवढा एकच. कपाटात चुरगळून पडला होता. तिच्या सुती साड्यांना करतात तशी कांजी केली, वर कडक इस्त्री. बाह्यांना मस्त चकाकी आली. थोडा जळका वास आला. इस्त्री जुनी आहे. विशाखा असा प्रेझेंटेबल माल कुठून आणणार?

२२ मार्च
जालना रोडवरचं हॉटेल. इन्व्हेस्टर तिघं. त्यातल्या नीरजा मॅडमनी कॉस्च्यूम हातात घेतला. तो पापडासारखा ताठ उभा राहिला. विचारलं, स्ट्रेच होतो का? म्हणालो, जबरदस्त. त्यांनी बाही ओढली. ती खांद्यापासून निघून त्यांच्या हातात आली. सॉरी म्हणाल्या. मग विचारलं, श्रीधरजी, तुम्ही स्वतः पोहता का? म्हणालो, गुडघ्यापर्यंत.
मग विशाखा. प्रमोदिनीनं शिवून दिलेला जाकिटाखाली घालूनच आली होती. पहिलंच वाक्य, हे डिझाइन प्रमोदिनीताईंचं. माझ्या स्लाइडवर ‘आमचं’ होतं. तेही बरोबरच.
तिला फंडिंग मिळालं. टाळ्या मीही वाजवल्या. बेतानं.

२४ मार्च
मुकुंदवाडीतला टेलर म्हणाला, कापड जळलंय साहेब, टाका धरत नाय. त्याला या कापडातलं कळत नाही. दुसऱ्याकडं गेलो. त्यालाही कळत नाही.

३० मार्च
विशाखाला फोन केला. बिझनेससंदर्भात. सहज विचारलं, प्रमोदिनीनं शिवलेला एखादा जास्तीचा आहे का. म्हणाली, माझा एकच आहे हो दाजी, तो नाय देणार मी. पण अगदी तसाच शिवून देते. पहिली ऑर्डर तुमची. माप सांगा, ताईंचंच ना?
म्हणालो, हो, घे लिहून.
खांदा... नेहमीचाच, म्हणालो.
मग तिनंच सांगायला सुरुवात केली. खांदा, छाती, कंबर, बाहीची लांबी. सगळं पाठ.
मी प्रत्येक आकड्याला ‘बरोबर’ म्हणालो.