आबांची उजळणी

३ नोव्हेंबर, सोमवार
वडिलांना, आबांना, गावाकडून अंथुर्ण्याहून बारामतीला माझ्याकडे आणलं. डॉक्टर म्हणतात, डिमेन्शिया. गेलेलं परत येत नाही. डॉक्टरांना विसरभोळ्यांचा अनुभव तो किती? मी सव्वीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवतोय. ज्यांना 'राम' चालवता येत नव्हता, ते बोर्डात पंचाण्णव घेऊन गेले. उपाय एकच, उजळणी. महिन्याभरात आबा मला 'सर्जा' म्हणून हाक मारतील.

४ नोव्हेंबर, सकाळी ७
पहिला पाठ. विचारलं, मी कोण? म्हणाले, "सावळाराम." सावळाराम त्यांच्याबरोबर मेंढरं राखायचा. त्याला जाऊन वीस वर्षं झाली. उत्तर चूक, आत्मविश्वास उत्तम.

७ नोव्हेंबर
घरच्यांचे फोटो लॅमिनेट करून भिंतीवर लावले, खाली ठळक नावं. आबांना वाचता येत नाही, हे नंतर आठवलं. माझ्या फोटोपुढे बराच वेळ थांबले. म्हणाले, "ह्यो साखर कारखान्याचा, ऊसतोडीच्या चिठ्ठ्या वाटणारा चिटबॉय दिसतोय." वृषाली घाईनं स्वयंपाकघरात गेली. बायको आहे, हसणारच.

११ नोव्हेंबर
संध्याकाळी आबा दारात. मेंढरं आली का? वृषाली म्हणाली, "आली आबा, पाणीपण प्याली. तुम्ही जेवून घ्या." आबा दीड भाकरी जेवले. तिला बाजूला घेऊन समजावलं, खोट्यावर स्मृती उभी राहत नाही. म्हणाली, "अहो, त्यांना पास व्हायचं नाहीये, जेवायचंय."

१२ नोव्हेंबर
आज खरं सांगितलं. मेंढरं अठ्ठ्याण्णवलाच विकली. सावळाराम वारला. आबांनी डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला. दोन्ही वेळा जेवले नाहीत.

१३ नोव्हेंबर
सकाळी त्यांना यातलं काही आठवत नव्हतं. मला होतं. पाठ रद्द. कणकण वाटते आहे, दुसरं काही नाही.

२० नोव्हेंबर
उजळणी आता दिवसातून पाच वेळा. आणि आज फळ! मी कोण, विचारलं. आबांनी जवळ ओढून पाठीवरून हात फिरवला. लहानपणानंतर पहिल्यांदाच. नाव ओठांवर आहे, उद्या येईल. स्टाफरूममध्ये पेढे वाटले. घरी वृषालीनंही घेतला, पण खाल्ला नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार, दुपार
नाव काही आलं नाही. वृषाली म्हणाली, एक दिवस सावळाराम होऊन तर बघा. झालो, निव्वळ प्रयोग म्हणून. आबांशेजारी उकिडवा बसलो. सावळाराम त्यांना नावानंच, 'बिरदेवा' म्हणायचा. ते तोंडातून निघेना, नुसतं 'हं' म्हणालो. तेवढ्यावर आबांचा चेहरा उजळला. पानतंबाखूची चंची माझ्याकडे सरकवली, इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाले,
"सावळाराम, हितं एक मास्तर येतंय बघ. मी कोण, मी कोण, दिसभर इचारतंय. सोताचं नावच इसरलंय बिचारं. परवा पाठीवरनं हात फिरवला, तवा कुठं गप झालं. त्येला घरी पोचव बाबा. आई-बा वाट बघत असतील त्येचे."
मी म्हणालो, पोचवतो.